शेवटचा वाफा

दुखणें बोलायचें थांबलें म्हणजे तें बरें झालें, अशी आपली सर्वांचीच एक सोईस्कर समजूत असते. रडणारें मूल गप्प झालें, तक्रार करणारा शेजारी दार लावून घरांत बसला, सावकाराचीं पत्रें येईनाशीं झालीं, कीं आपण सुटकेचा निःश्वास टाकतों. मूल झोपलें आहे कीं त्याला ग्लानि आली आहे, सावकारानें क्षमा केली आहे कीं तो कोर्टाची पायरी चढत आहे, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. मीहि घेतली नव्हती. त्यामुळें माझ्या वडिलांच्या मोटारीचें इंजिन दुसऱ्यांदां उघडावें लागलें. आणि त्याहून वाईट म्हणजे, एका भल्या माणसाची बारामतींत चार ठिकाणीं मीं विनाकारण अपकीर्ति केली. त्या दोन्ही गोष्टींची ही कबुली आहे.

मोटार म्हणजे फियाट अकराशें, तींतली डिलाईट. हें रूप १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागलें. गियरचा दांडा सुकाणूच्या दांड्याला जोडलेला, इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, आणि चेहरा पापभीरु गृहस्थाचा. वडिलांनीं ती १९७८ सालीं दुसऱ्या हातची घेतली. ते तिला ‘वालचंदशेटची गाडी’ म्हणत. आमचें रान इंदापूर तालुक्यांत. वालचंदनगर त्याच तालुक्यांतलें. तेव्हां तें वसविणाऱ्या वालचंद हिराचंदांवर आणि त्यांच्या कंपनीच्या मोटारीवर आपला थोडासा वंशपरंपरागत हक्क आहे, असें त्यांना वाटे. शेटजींनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ सालीं काढली हें खरें. पण ते १९५३ त वारले, आणि फियाट अकराशें कुर्ल्याला जुळूं लागली ती १९५४ पासून. ही विसंगति मीं एकदां त्यांच्या नजरेस आणली. ते म्हणाले, “बी कुणी पेरलं ते बघ. प्रत्येक पीक बघायला पेरणारा थोडाच राहतो!”

२०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. पद्मिनी म्हणजे आमच्या डिलाईटचीच धाकटी बहीण. ती बातमी वाचून वडिलांनीं वर्तमानपत्राची घडी केली, आणि “आपली अजून आहे,” एवढेंच म्हणाले. पुढें तीनचार महिन्यांत ते गेले. गाडी गोठ्याशेजारच्या छपरांत ताडपत्रीखालीं उभी राहिली.

वडिलांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून या इंजिनाची कथा समजावयाची नाहीं. आमचें रान निरेच्या डाव्या कालव्याच्या अगदीं शेपटाकडे. हा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचें पुढील दैव बरेंचसें त्यानें ठरविलें. पण एकाच कालव्यावरच्या दोन गांवांचें दैव एक नसतें. वरच्या अंगाला पाण्याची पाळी ही एक सोय असते. शेपटाला ती एक चिंता असते. वडील रात्रीं दारें धरावयास जात, तेव्हां लहानपणीं कित्येकदां कंदील घेऊन मी त्यांच्या मागें गेलों आहें. पाटकरी सांगे, “फाट्यावर पाणी पुरं आहे, पट्टी बघा.” वडील शांतपणें म्हणत, “पट्टी फाट्यावर आहे. माझा ऊस शेवटच्या वाफ्यात आहे.” मग ते फावडें घेऊन सबंध चारी पालथी घालीत, कोठें घुशीचें बीळ, कोठें खचलेला बांध, कोठें कोणाचें चुकून उघडें राहिलेलें दार शोधून काढीत, आणि शेवटच्या वाफ्यांतली माती काळी झालेली डोळ्यांनीं पाहिल्यावांचून घरीं येत नसत.

हें सारें पाहिलेलें असूनहि, आणि तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलेलें असूनहि, जें माझ्या हातून घडलें तें पुढें लिहितों.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांची गाडी त्यांच्या रानांत उभी राहावी, असा मीं संकल्प सोडला. बारामतीच्या एका आडगल्लींत एक वृद्ध मिस्त्री आहेत. जुन्या फियाटगाड्यांचें काम जाणणारे आतां बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, त्यांतले ते एक. त्यांनीं इंजिन सोडवलें. सिलिंडर बोअर होऊन आले, क्रँक ग्राइंड होऊन आला, नवीं बेअरिंगें, नवे पिस्टन, नव्या रिंगा आल्या. श्राद्धाला सहा दिवस उरले असतां मिस्त्री मला म्हणाले, “सर, आणखी दोन दिवस द्या. क्रँकच्या आत तेलाच्या वाटा असतात, त्यांची बुचं काढून त्या तारेनं साफ करायच्यात. ग्राइंडिंगचा बुकणा आत बसतो.”

मीं म्हटलें, “मिस्त्री, बाहेरून रॉकेल मारा, हवा मारा. तेवढं पुरे. मला गाडी रानात न्यायची आहे.”

“बरं,” ते म्हणाले.

आमच्या भागांत ‘बरं’ या शब्दाला संमतीखेरीज आणखी पुष्कळ अर्थ आहेत. त्या दिवशीं त्यांतला कोणता होता हें मला कळलें होतें. पण न कळल्यासारखें करणें सोईचें होतें.

श्राद्धाच्या दिवशीं गाडी निघाली. भवानीनगर, बेलवाडी, अंथुर्णें, निमगांव केतकीचे पानमळे हीं सर्व मागें टाकीत ती इंदापूरच्या अंगाला पोंचली. हाच तुकोबांच्या पालखीचा रस्ता. त्या दिवशीं मलाहि कांहीं पुण्य पदरीं पडल्यासारखें वाटलें. भाऊबंद जमले. चुलत्यांनीं गाडीच्या टपावर हात ठेवला आणि ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. परत येतांना सणसरच्या अलीकडे गतिरोधकाशीं वेग कमी केला, आणि समोरच्या फळीवरचा लाल दिवा लुकलुकला. गाडी पळूं लागतांच तो विझला. बारामतींत शिरून रिंगरस्त्याच्या चौकांत थांबलों, तेव्हां तो पुन्हां लागला आणि लागूनच राहिला.

हा दिवा म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. इंजिनाच्या तळाशीं जें पसरट भांडें असतें त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. त्यांतलें तेल जाळींतून ओढून घेऊन पंप तें मुख्य वाटेंत ढकलतो. तेथून तें क्रँकच्या बेअरिंगांना, मग कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, कॅमशाफ्टला, आणि सर्वांत शेवटीं वर, हेडवरच्या रॉकरांना जातें. मुख्य वाटेवर एक लहानसें बटण बसविलेलें असतें. तेथील दाब पांचसात पौंडांच्या खालीं उतरला कीं तें दिवा लावतें. दिव्याचें ज्ञान एवढेंच. तो मुखाशीं बसलेला असतो; शेवटीं काय पोंचलें हें त्याला ठाऊक नसतें.

मीं मिस्त्रींना दोष दिला. तोहि त्यांच्या तोंडावर नव्हे, तर न्हाव्याच्या दुकानांत, चहाच्या टपरीवर, आणि एका जीपवाल्या परिचितासमोर. “म्हातारपणी हात चालत नाही आता,” असेंहि एक वाक्य मीं उच्चारलें. तें मला अजून शब्दशः आठवतें. त्या परिचितानें आपली जीप पुढच्याच आठवड्यांत दुसरीकडे नेली.

मग सल्ले सुरू झाले. मोटारीच्या दुखण्याला आणि पोटाच्या दुखण्याला आपल्याकडे वैद्यांचा तोटा नाहीं. सर्वांचा सल्ला एकच, “जाड तेल घाला.” मीं तेल बदलून अधिक जाड घातलें, आणि काय आश्चर्य! दिवा विझला. दोन महिने तो लागला नाहीं. मीं स्वतःच्या हुषारीवर आणि मिस्त्रींच्या नालायकीवर एकदमच शिक्कामोर्तब केलें.

एक गोष्ट मात्र खटकत होती. सकाळीं इंजिन सुरू केलें कीं वरच्या बाजूनें टॅपेटांचा खडखडाट होई. पूर्वीं तो क्षणभर टिके. आतां तो मनांत वीस अंक मोजून होईपर्यंत चाले. दिवा गप्प आणि खडखडाट वाढलेला, या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचें मीं टाळलें.

तो मेळ घातला गेला एका रात्रीं, रानांत. पाळी आमची होती. फाट्यावर पाणी भरून चाललें होतें आणि शेवटचा वाफा कोरडा होता. मी वडिलांचें फावडें घेऊन चारीनें चालत निघालों. मध्यावर घुशींनीं बांध पोखरून टाकला होता आणि आमच्या वांट्याचें पाणी सुखानें शेजारच्या पडीक रानांत पसरत होतें. मुखाशीं आणखी पाणी सोडलें असतें, तर फाट्यावरची पट्टी चढली असती. बीळ मात्र तसेंच राहिलें असतें. तेथें चिखलांत उभा असतांना माझ्या मनांत लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशांत मला स्वतःचें तोंड दिसलें. तें पाहण्यासारखें नव्हतें.

बेअरिंगमधील तेलाची जागा केंसाहूनहि बारीक असते. दोन इंची आंसाला सुमारें दोन हजारांश इंच. ती झिजून वाढली कीं तेल पुढें न जातां बाजूंनीं गळून पुन्हां चेंबरांत पडतें. गरम झालेलें पातळ तेल अधिक गळतें, आणि इंजिन मंद फिरत असतांना पंपहि मंद फिरतो. म्हणून दिवा गरम इंजिनावर चौकांत लागतो, पळत्या गाडींत लागत नाहीं. जाड तेल त्या फटींतून सावकाश गळतें, म्हणून मुख्य वाटेवर दाब चढलेला दिसतो. पण तेंच जाड तेल थंडगार सकाळीं रॉकरांपर्यंत चढावयास अधिक वेळ लावतें. मीं औषध म्हणून जें पाजलें होतें त्यानें रोग्याची वाचा तेवढी बसली होती.

वर्गांत मी मोठ्या हौसेनें एक गोष्ट सांगत असें, तीहि त्या रात्रीं आठवली. आमचा कालवा वाहूं लागण्याच्याच सुमारास, १८८३ सालीं, बीचम टॉवर नांवाचा इंग्रज इंजिनियर आगगाडीच्या आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. तेल घालण्यासाठीं त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडलें. आंस फिरूं लागतांच तेल आंत जाण्याऐवजीं त्या छिद्रांतून वर उसळलें. त्यानें बूच मारलें, तेंहि बाहेर ढकललें गेलें. फिरणारा आंस स्वतःच तेल ओढून आपल्याखालीं त्याची पाचर बसवितो आणि त्या पाचरीवर तरंगतो, असा त्याचा उलगडा झाला; तीन वर्षांनीं ऑझ्बर्न रेनॉल्ड्सनें तो गणितानें सिद्ध केला. म्हणजे भार पंपाच्या दाबावर तोललेला नसतो. पंपाचें काम एवढेंच कीं जेथें जेथें तेल हवें तेथें तें सतत पोंचवावें. मीं मुलांना जें शिकविलें तें मलाच आलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मी गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेलों. माझे शब्द त्यांच्या कानीं गेले असणार, हें त्यांच्या ‘या सर’ मधूनच समजलें. परंतु त्यांनीं रोग्याकडे पाहिलें, माझ्याकडे नाहीं. प्रथम त्यांनीं दिव्याचें बटण काढून तेथें कांट्याचें दाबमापक बसविलें. “दिवा हो किंवा नाही एवढंच सांगतो,” ते म्हणाले, “काटा किती ते सांगतो.” थंड इंजिनावर कांटा पन्नास पौंडांवर गेला, इंजिन पुरतें तापल्यावर, मंद फिरत असतां, त्या जाड तेलांतहि तो आठावर आला, गति देतांच तीसपर्यंत चढला. “गति दिल्यावर चढतो म्हणजे ओढ नीट आहे, गळती आहे,” त्यांनीं समजावलें. “उलटं असतं, म्हणजे मंद असताना बरा आणि पळवताना पडतो, तर जाळी तुंबलीय नाहीतर चेंबरात तेल कमी आहे म्हणालो असतो.”

मग त्यांनीं क्रमानें एकेक साक्षीदार तपासला. जादा दाब सोडून देणारी झडप काढून पाहिली. तिची बैठक स्वच्छ होती आणि स्प्रिंग धड होती. पंप उघडून त्याच्या दांत्यांत आणि झाकणाशीं फीलर गेजचीं पातळ पानें घालून पाहिलीं. पंप निर्दोष ठरला. चेंबरमधलें तेल पांढऱ्या ट्रेमध्यें ओतून तें उन्हांत नेलें. तेलांत बारीक सोनेरी चमक तरंगत होती. देवळांत अशी चमक प्रसन्न वाटते. तेलांत ती बेअरिंगची राख असते.

बेअरिंगांच्या टोप्या काढल्या. दुसऱ्या रॉडच्या बेअरिंगवर नांगराच्या तासांसारखे ओरखडे होते, आणि वरच्या पांढऱ्या धातूखालून तांब्याचा रंग दिसत होता. त्यांनीं त्यावर मेणासारखा प्लॅस्टिकचा बारीक दोरा ठेवला, टोपी नेमानें आवळली, पुन्हां सोडली, आणि चपट्या झालेल्या दोऱ्याची रुंदी कागदी पट्टीशीं मोजली. दोन हजारांशांच्या जागीं साडेचार. मग क्रँक बाहेर आला. तेलाच्या वाटांचीं बुचें, जीं मीं काढूं दिलीं नव्हतीं, तीं त्यांनीं गिरमिटानें काढलीं आणि आंत तार घातली. तारेच्या टोकावर करड्याकाळ्या रंगाचा, बोटांना करकरीत लागणारा लगदा आला. ग्राइंडिंगच्या दगडाचा चुरा, पोलादाचा कीस आणि चाळीस वर्षांचें जुनें कीट. बाहेरून मारलेल्या रॉकेलानें तो जागचा हलला नव्हता. इंदापूरच्या रस्त्यावर गरम तेलानें तो थोडाथोडा सोडवून थेट नव्या बेअरिंगांत नेऊन पेरला होता.

मिस्त्रींनीं तो लगदा एका कागदावर काढला आणि कागद माझ्यासमोर ठेवला. ते एक अक्षरहि बोलले नाहींत. बोलले असते तर बरें झालें असतें.

“मिस्त्री,” मीं म्हटलें, “चूक माझी. आणि मी गावात तुमच्याबद्दल नाही नाही ते बोललो.”

“कळलं होतं मला,” ते हात पुसत म्हणाले. “पण सर, दोन दिवस मी मागितले, ते धरून बसायला हवं होतं. वडिलांचं नाव काढलंत तुम्ही, मग माझ्यानं बोलवेना.”

क्रँक पुन्हां ग्राइंड करावा लागला. दहाच्या जागीं वीस हजारांशाचें बेअरिंग आलें. क्रँक असा मोजक्याच वेळां घांसतां येतो. म्हणजे माझ्या दोन दिवसांच्या घाईनें वडिलांच्या गाडीच्या आयुष्यांतली एक पायरी कायमची उतरली. या वेळीं मीं कसलीहि तारीख सांगितली नाहीं. बुचें निघालेल्या वाटांतून ब्रश फिरला, रॉकेल गेलें, हवा गेली, पांढरी चिंधी ओढली. ती पांढरीच बाहेर येईपर्यंत पुन्हां पुन्हां ओढली. मग नवीं बुचें बसलीं. जोडणी झाल्यावर मिस्त्रींनीं पंप तेलानें भरला, चारी स्पार्क प्लग काढून ठेवले, आणि नुसत्या स्टार्टरनें इंजिन थांबत थांबत फिरविलें. दिवा विझला. मी ‘झालं!’ म्हणणार, तोंच त्यांनीं हात वर केला आणि हेडवरचें झाकण काढलें.

आम्ही दोघे वाकून पाहत राहिलों. पहिल्या रॉकरखालीं तेल ओघळलें, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एकामागून एक ते ओले होत गेले. आठवा, सर्वांत मागला, बराच वेळ कोरडा होता. शेवटीं त्याच्या कडेला एक थेंब जमला, फुगला आणि खालीं उतरला.

“पोचलं,” मिस्त्री म्हणाले. “आता लावा प्लग.”

गाडी आतां उत्तम चालते. गरम इंजिनावर, चौकांत उभी असतांना, कांटा वीसाच्या खालीं येत नाहीं. दिव्याशेजारीं तो कांटा मीं कायमचा बसवून घेतला आहे. राहिलें आहे तें माझें दुसरें काम. ज्या ज्या ठिकाणीं मी बोललों होतों त्या त्या ठिकाणीं जाऊन खरी हकीकत सांगण्याचा क्रम मीं ठेवला. न्हाव्यानें ती शांतपणें ऐकली आणि “असं का!” म्हणून वस्तरा पुढें चालविला. टपरीवर, ज्यांनीं निंदा ऐकली होती त्यांतले निम्मे त्या दिवशीं नव्हते, आणि जे होते त्यांना निंदा लक्षांत होती, पण ती कोणी केली हें आठवत नव्हतें. निंदा पातळ तेलासारखी, कोणत्याहि फटींतून तेव्हांच पसरते. तिची दुरुस्ती जाड असते, आणि शेवटच्या माणसापर्यंत चढतां चढतां तिला फार वेळ लागतो.

जीपवाल्या परिचिताच्या घरीं मी तीनदां जाऊन आलों. तो हंसून “पाहू, सर,” म्हणाला. जीप अजून मिस्त्रींकडे आलेली नाहीं. येत्या रविवारीं मी पुन्हां जाणार आहें.